टेकडी की खड्डा?



मी सोयगावचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी आमचे गाव आहे. जगप्रसिद्ध अजिंठा लेणी आमच्याच तालुक्यात येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आज मला बोलायचे आहे ते चंद्राच्या नकाशाबद्दल. पण सुरुवात मी लेण्यांपासून करणार आहे.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात कधी गेलात तर गाभाऱ्यापाशी जरा थांबा. आत बुद्धांची मोठी मूर्ती आहे. लेणी दाखवणारा जाणकार माणूस बरोबर असेल तर तो हातातला दिवा एकदा डावीकडून धरतो, मग उजवीकडून, मग समोरून. दर वेळी चेहऱ्यावरचा भाव बदललेला वाटतो. एकदा मंद हसू दिसते, एकदा गांभीर्य आणि एकदा नुसती शांती. पाहणारे थक्क होतात. मूर्ती तीच, दगड तोच. हलला तो फक्त दिवा.

चंद्राचा नकाशा काढणाऱ्यांचे सारे काम या एका गोष्टीभोवती फिरते. यान चंद्राभोवती घिरट्या घालते, कॅमेरा खाली रोखलेला असतो आणि चित्रे पृथ्वीवर येत राहतात. पण चित्र म्हणजे नकाशा नव्हे. चित्रात उजेड आणि सावली असते. नकाशात उंची, खोली, अंतर आणि पत्ता असावा लागतो. उजेड-सावलीतून उंची-खोली काढायची कशी आणि ती काढताना फसायचे कसे नाही, हा या शास्त्राचा गाभा आहे. या दिव्याने मलाही एकदा फसवले. ते आधी सांगून टाकतो.

२००८ सालची गोष्ट. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होतो. २२ ऑक्टोबरला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-१ निघाले आणि ८ नोव्हेंबरला ते चंद्राच्या कक्षेत पोहोचले. वर्तमानपत्रांत चंद्राची चित्रे येऊ लागली. त्यातले एक पान मी वर्गात नेले, टेबलावर पसरले आणि मुलांना भोवती बोलावले. चित्रात लहानमोठे गोल आकार होते. मी म्हणालो, "बघा, या चंद्रावरच्या टेकड्या."

टेबलाच्या पलीकडे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, टेकड्या कुठे? खड्डे आहेत ते."

मी म्हणालो, "नीट बघ."

तिने पुन्हा वाकून बघितले. "खड्डेच आहेत, सर."

वर्ग हसला. मी जरा आवाज चढवला आणि म्हणालो, "भूगोल मी शिकवतो की तू?" ती गप्प बसली.

संध्याकाळी घरी तेच पान दुसऱ्या बाजूची बातमी वाचता वाचता हातात उलटे झाले आणि माझ्या डोळ्यांदेखत टेकड्यांचे खड्डे झाले. पुन्हा सरळ धरले, पुन्हा टेकड्या. ती मुलगी टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिला चित्र उलटे दिसत होते, म्हणून बरोबर दिसत होते.

असे का होते? आपल्या मेंदूला जन्मापासून एक सवय लागलेली असते. उजेड वरून येतो, असे तो धरून चालतो. सूर्य वर, कंदील वर, ट्यूबलाइट वर. चित्रात उजेड खालच्या बाजूने आलेला असला तरी मेंदू आपली सवय सोडत नाही आणि खोलगट भाग फुगीर करून दाखवतो. चंद्राच्या चित्रांच्या बाबतीत ही फसगत इतकी नेहमीची आहे की, जाणकार माणूस चित्र हातात आले की आधी विचारतो, यात सूर्य कुठल्या बाजूला आहे?

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन हे सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. धडा पुढे गेला.

नकाशावरून पुसलेला पर्वत

माझी चूक एका वर्गापुरती होती. पण अशी चूक साऱ्या जगाच्या नकाशावरही होऊन गेली आहे.

चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो. त्याची पाठ कशी आहे, हे १९५९ पर्यंत कोणीही पाहिलेले नव्हते. त्या वर्षी ७ ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाचे लूना-३ हे यान चंद्राच्या पलीकडे गेले आणि त्याने पाठीमागच्या बाजूची छायाचित्रे घेतली. आतल्या आत फिल्म धुतली, वाळवली आणि रेडिओ लहरींवरून चित्रे खाली पाठवली. चित्रे धूसर होती, पण माणसाने पहिल्यांदाच पाहिलेला तो प्रदेश होता. त्यावरून नकाशा तयार झाला, नावे दिली गेली. चित्रात एक लांबलचक उजळ पट्टा दिसत होता. ती पर्वतरांग आहे असे ठरले आणि तिला सोव्हिएत पर्वत असे नाव मिळाले.

पुढे दुसऱ्या यानांनी अधिक स्पष्ट चित्रे घेतली. त्या जागी पर्वत नव्हता. तो उजळ पट्टा म्हणजे ज्योर्दानो ब्रूनो या विवरासारख्या ताज्या विवरांतून उधळलेल्या फिकट मातीचे फराटे होते. मोठी उल्का आदळली की फुटलेला दगड आणि भुकटी चहूकडे उडते, तिचे पांढरे फराटे शेकडो किलोमीटर लांब जातात. अशा फराट्यांनाच पर्वत समजले गेले होते.

शास्त्रज्ञ मूर्ख होते का? मुळीच नाही. लूना-३ ने चित्रे घेतली तेव्हा सूर्य जवळजवळ यानाच्या पाठीशी होता. समोरून भरपूर उजेड होता, पण सावली नव्हती. सावली नसली की उंच काय आणि सखल काय, हे कळण्याचा मार्गच राहत नाही. उजळ असणे आणि उंच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका मोठ्या देशाचे नाव दिलेली पर्वतरांग. ती नकाशावरून काढून टाकायला किती जड गेले असेल! पण ती काढली गेली. नकाशा खरा ठेवायचा तर दुसरा इलाज नव्हता.

सावलीचा हिशेब

याचा अनुभव आपल्याला घरबसल्या घेता येतो. चंद्र पाहायचा म्हटले की आपण पौर्णिमेची वाट पाहतो. कोजागरीला दूध आटवायला पौर्णिमा उत्तम, पण चंद्राचा भूगोल पाहायला ती सर्वांत वाईट तिथी आहे. त्या दिवशी चंद्राच्या मध्यभागी सूर्य थेट डोक्यावर असतो. सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र भाकरीसारखा सपाट दिसतो. त्याऐवजी शुद्ध अष्टमीला साधी दुर्बीण घेऊन गच्चीवर जा. उजेड आणि अंधार जिथे एकमेकांना भेटतात त्या रेषेवर नजर ठेवा. तिथे सूर्य नुकताच उगवत असतो. विवरांचे काठ उजळलेले, पोटात काळोख, कडेला लांब सावल्या. एकेक खड्डा उठून दिसतो.

आमच्या गावाजवळ वेताळवाडीचा किल्ला आहे. उन्हाळ्यात भर दुपारी त्याचा डोंगर एखाद्या राखाडी पडद्यासारखा दिसतो. तोच डोंगर सूर्य कलल्यावर बघा. घळी, सोंडा, तटबंदी, बुरूज, सगळे जागच्या जागी उमटते.

सावली नुसते दाखवत नाही, मापही देते. शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची सावलीवरून काढण्याचे गणित आपण सगळ्यांनी केले आहे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर सावली उंचीएवढीच असते. सूर्य १० अंशांवर असेल तर १७६ मीटर उंचीच्या कड्याची सावली एक किलोमीटर पडते. चंद्रावर कुठल्या क्षणी, कुठल्या जागी सूर्य किती अंशांवर आहे हे गणिताने नेमके सांगता येते. मग चित्रातली सावली मोजली की उंची मिळाली. दुर्बीण नवी होती तेव्हाच, म्हणजे १६१० साली, गॅलिलिओने चंद्राच्या काळोख्या भागात सुटी चमकणारी शिखरे पाहून तिथल्या पर्वतांच्या उंचीचा अंदाज छापला होता. त्याच्याजवळ यान नव्हते, कॅमेरा नव्हता. भूमिती होती.

पण सावलीची एक अडचण आहे. ती कड्याची उंची सांगते, सपाट उताराबद्दल मुकी राहते. आणि सावलीच्या पोटात काय आहे, ते तर दिसतच नाही. संपूर्ण प्रदेशाची चढउतार हवी असेल तर दुसरी युक्ती लागते. ती निसर्गाने आपल्याला आधीच दिलेली आहे.

तीन डोळ्यांचा कॅमेरा

रेडिओ ऐकता ऐकता एक करून बघा. हाताचे बोट नाकासमोर धरा. डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारते, मागची भिंत मात्र फारशी हलत नाही. बोट जितके जवळ, तितकी उडी मोठी. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटला तर फजिती होते, ती यामुळेच.

चांद्रयान-१ वर असाच एक कॅमेरा होता. त्याचे नाव टेरेन मॅपिंग कॅमेरा. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये तो तयार झाला होता. आपल्याला दोन डोळे आहेत, याला तीन होते. एक सरळ खाली पाहणारा, एक २५ अंश पुढे आणि एक २५ अंश मागे. यान चंद्रापासून १०० किलोमीटर उंचीवरून जात असताना पुढच्या डोळ्याला एखादा डोंगर दिसे. साधारण अर्ध्या मिनिटाने तोच डोंगर यानाच्या बरोबर खाली येई आणि आणखी अर्ध्या मिनिटाने मागच्या डोळ्याला दिसे. एकाच जागेची, जवळजवळ त्याच उजेडात, तीन कोनांतून तीन चित्रे.

एकेका डोळ्यात चार हजार ठिपक्यांची एकच ओळ होती. प्रत्येक ठिपका जमिनीवरचे पाच मीटर टिपायचा. म्हणजे एका वेळी वीस किलोमीटर रुंदीचा पट्टा. आपण अंगण झाडतो तसे यान पुढे सरकत जाई आणि ओळीमागून ओळ टिपली जाई. आता समजा खाली १०० मीटर उंचीचा डोंगर आहे. २५ अंशांतून पाहताना त्याचा माथा पायथ्याच्या मानाने सुमारे ४७ मीटर, म्हणजे नऊएक ठिपके सरकलेला दिसतो. मागच्या डोळ्याला तो तितकाच उलट बाजूला सरकलेला दिसतो. संगणक तिन्ही चित्रांत तोच दगड, तोच काठ शोधतो, किती ठिपके सरकला ते मोजतो आणि त्यावरून उंची काढतो. असे लाखो ठिकाणी केले की चित्राचा नकाशा होतो. इथे मेंदूची सवय फसवू शकत नाही. खड्डा एका दिशेने सरकतो, टेकडी उलट दिशेने.

हे तंत्र आता आपल्या गावांपर्यंत आले आहे. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी झाली तेव्हा चुन्याने हद्दी आखल्या गेल्या आणि वरून ड्रोन फिरला, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ड्रोनही एकाच घराचे वेगवेगळ्या जागांवरून फोटो घेतो आणि त्यांची सांगड घालून नकाशा बनतो. घराच्या सनदेमागची भूमिती आणि चंद्राच्या नकाशामागची भूमिती एकच आहे.

फरक एवढाच की, गावात चुना आखायला माणूस असतो. चंद्रावर बांध नाही, हद्दीचा दगड नाही, उंची मोजायला समुद्रसुद्धा नाही. आपल्याकडे रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. चंद्रावर ती कशापासून लिहायची? म्हणून शास्त्रज्ञांनी १७३७.४ किलोमीटर त्रिज्येचा एक काल्पनिक गोल धरला आणि त्याला शून्य म्हटले. रेखांश पृथ्वीकडे तोंड असलेल्या बाजूच्या मध्यापासून मोजायचे ठरले. आणि पक्क्या खुणा म्हणून अपोलो ११, १४ आणि १५ च्या अंतराळवीरांनी ठेवलेले, तसेच रशियाच्या दोन फिरत्या गाड्यांवरचे आरसे उपयोगी पडले. पृथ्वीवरून लेसरचा झोत टाकून त्यांची जागा फार बारकाईने मोजता येते. उंचीसाठीही लेसर वापरतात. यानातून खाली झोत सोडायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे.

चांद्रयान-१ दोन वर्षे चालावे अशी योजना होती. उष्णतेचा त्रास झाला, दिशा दाखवणारी उपकरणे बिघडली. मे २००९ मध्ये यान १०० वरून २०० किलोमीटर उंचीवर न्यावे लागले. उंची दुप्पट झाली, तसा एकेक ठिपकाही पाचाऐवजी दहा मीटरांचा झाला. ऑगस्ट २००९ च्या अखेरीस संपर्क तुटला. एकूण ३१२ दिवस. पण तेवढ्यात यानाने सत्तर हजारांवर चित्रे पाठवली होती.

सशाचा दगड आणि लोणार

त्या चित्रांतला दगड आपल्याला परका नाही. चंद्रावरचा ससा आजीने सगळ्यांना दाखवलेला असतो. संस्कृतात त्यावरून चंद्राला शशांक म्हणतात. तो ससा म्हणजे पूर्वी वाहून थिजलेल्या लाव्हाची काळसर मैदाने आहेत. दगडाचे नाव बेसाल्ट. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. अजिंठ्याची लेणी त्यातच कोरली आहेत. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, चंद्रावरचा बहुतेक तीन अब्ज वर्षांहून जुना. वय वेगळे, कूळ एक.

म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला चंद्राचे अभ्यासक येतात. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेले आणि इतके चांगले टिकलेले विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. ते सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून दीडशे मीटर खोल आहे. चांद्रयान-१ च्या कॅमेऱ्याखाली लोणार असते तर चित्रात ते ३६० ठिपके रुंद दिसले असते. चंद्रावर विक्रम साराभाईंच्या नावाचे विवर आहे. चांद्रयान-२ ने त्याचे तीन कोनांतून चित्र घेतले तेव्हा त्याची खोली सुमारे १.७ किलोमीटर निघाली आणि भिंतींचा उतार २५ ते ३५ अंश. माणूस तिथे गेला नाही, दोरी सोडली नाही. ठिपके मोजले.

एका वितीची गोष्ट

पण पाच मीटरचा ठिपका यान उतरवायला पुरत नाही. पाच मीटरमध्ये बैलगाडी मावते. चार पायांच्या यानाचा एक पाय दोन-अडीच फुटी दगडावर पडला तर यान कलंडेल. म्हणून २२ जुलै २०१९ ला निघालेल्या चांद्रयान-२ वर आणखी एक कॅमेरा दिला गेला. त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे २५ सेंटीमीटर. आपल्या भाषेत एक वीत. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानावर इतका बारीक पाहणारा कॅमेरा तोवर नव्हता. अर्थात बारीक पाहायचे तर थोडेच दिसते. त्याचा पट्टा फक्त तीन किलोमीटर रुंद. तालुक्याचा नकाशा आणि शेताच्या मोजणीचा नकाशा यांत जो फरक, तोच इथे.

७ सप्टेंबर २०१९ ची पहाट आठवते? विक्रम उतरत होता. आमच्या घरात शेजारची मुले जमली होती. पडद्यावरची हिरवी रेघ ठरलेल्या वाटेवरून ढळली आणि थांबली. कोणी काही बोलले नाही. उतरणीच्या वाटेत वेग ठरल्याप्रमाणे कमी झाला नव्हता आणि सावरायला अवधी उरला नव्हता. उतरायला आखलेली जागा होती अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर.

मग शोध सुरू झाला. नासाचे लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान १७ सप्टेंबरला त्या भागावरून गेले. पण तिथे सूर्य मावळतीला आला होता. सावल्या लांबलचक, निम्मी जमीन काळोखात. तीच चित्रे नासाने सर्वांसाठी खुली केली. चेन्नईचे एक अभियंता षण्मुग सुब्रमण्यन यांनी विक्रम पडण्याआधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी शेजारी ठेवून ठिपका ठिपका ताडून पाहिला. आधी नसलेला एक उजळ ठिपका नंतरच्या चित्रात त्यांना सापडला. त्यांनी नासाला कळवले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये चांगल्या उजेडात पुन्हा चित्रे घेतली गेली आणि डिसेंबर २०१९ च्या सुरुवातीला नासाने जाहीर केले की, हे विक्रमचेच अवशेष आहेत. शोधाचे श्रेय त्यांना नावानिशी दिले.

मला या घटनेचे फार अप्रूप वाटते. इतक्या मोठ्या संस्थेने एका बाहेरच्या माणसाचे म्हणणे ऐकले. तू कोण, असे विचारले नाही. पुन्हा चित्र घेऊन पाहिले.

चांद्रयान-२ चे यान मात्र चंद्राभोवती फिरतच राहिले आणि त्याचा वितीचा कॅमेरा चित्रे घेत राहिला. त्या चित्रांवरून पुढच्या मोहिमेसाठी जागा निवडली गेली. या वेळी ५०० मीटरचा चौकोन नव्हता, ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटरचे मोठे मैदान होते. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरू लागले तेव्हा त्याच्या पोटात त्या भागाची चित्रे साठवलेली होती. खालचा कॅमेरा टिपत असलेले दृश्य त्या चित्रांशी ताडून पाहत यान आपली जागा ओळखत होते. सुमारे दीडशे मीटर उंचीवर ते काही क्षण थबकले, खाली दगड-खड्डे कुठे आहेत ते स्वतः पाहिले, मोकळी जागा निवडली आणि संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी टेकले. त्या रात्री आमच्या चौकात फटाके वाजले. मला मात्र राहून राहून वाटत होते, हा विजय नकाशाचाही आहे.

आणि नकाशा कितीही चांगला असो, डोळे उघडे ठेवावेच लागतात. चारच दिवसांनी, २७ ऑगस्टला, प्रज्ञान गाडीला तीन मीटर पुढे चार मीटर रुंदीचा एक खड्डा दिसला. बंगळूरुहून आज्ञा गेली, मागे फिर. ती मागे फिरली आणि दुसऱ्या वाटेने गेली.

चांद्रयान-३ जिथे उतरले त्या जागेला शिवशक्ती हे नाव आहे आणि मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने त्याला मान्यता दिली. नकाशा झाला की नावे येतात. जाता जाता सांगतो, शुक्रावरच्या विवरांना स्त्रियांची नावे देतात. त्यांत आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी आहेत, पंडिता रमाबाई आहेत, डॉ. जेरुशा झिराड आहेत. शुक्रावर दाट ढग असल्याने तिथे कॅमेरा चालत नाही. नव्वदच्या दशकात मॅगेलन यानाने रडारने ढगांतून पाहून नकाशा केला, तेव्हा ती विवरे नीट दिसली.

राहिलेली दुरुस्ती

चांद्रयान-२ ची चित्रे डिसेंबर २०२० पासून इस्रोने सर्वांसाठी खुली करायला सुरुवात केली. संगणक आणि इंटरनेट असेल तर सोयगावातले मूलसुद्धा ती उतरवून घेऊ शकते. शिक्षकांना माझी विनंती आहे की, एखादे चित्र वर्गात जरूर न्या. सावली मोजायला लावा. आणि मुलांना टेबलाच्या चारी बाजूंनी उभे करा. प्रत्येकाला काय दिसते ते विचारा. दोघांना वेगळे दिसले तर दोघांपैकी एकाला गप्प करू नका. आधी विचारा, यात सूर्य कुठे आहे?

मी ते केले नव्हते. ती मुलगी पुढे कुठल्या गावी गेली, काय करते, मला माहीत नाही. त्या दिवसानंतर तिने माझ्या तासाला फारसा हात वर केला नाही, एवढे मात्र लक्षात आहे. सोव्हिएत पर्वत नकाशावरून पुसले गेले, माझ्या वर्गातल्या टेकड्या मात्र तशाच राहिल्या.

आज कुठे रेडिओ लागलेला असेल आणि ती ऐकत असेल, म्हणून सांगतो. बाई, तुझे बरोबर होते. ते खड्डेच होते.

नमस्कार.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)